अंक बंद झाला, हे छापखान्याकडून कळलं : एका व्यावसायिक संघटनेतलं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत; त्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

संघटना वैद्यकीय प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांची. सातशेच्या आसपास सभासद, त्यांतले साधारण एक तृतीयांश आजीव. कार्यकारिणी नऊ जणांची, पगारी माणूस एकही नाही. अध्यक्षांपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाला आपापली नोकरी आहे आणि संघटनेच्या वाट्याला येतो तो रात्री जेवणानंतर उरलेला तासभर. संपर्काची जबाबदारी माझ्याकडे येऊन तेव्हा चार महिने झाले होते.

संघटनेचा एक त्रैमासिक अंक निघतो. संपादक मॅडम अकरा वर्षं तो विनामोबदला काढत होत्या. लेख मिळवणं, मुद्रितं तपासणं, छापखान्यात खेटे घालणं, सगळं त्याच करायच्या. त्या कार्यकारिणीवर नव्हत्या. ही गोष्ट तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती.

अंकाचं गणित मात्र बिघडत चाललं होतं. आजीव सभासदांनी एकदाच भरलेल्या रकमेच्या व्याजातून त्यांचे अंक जायचे. छपाई आणि टपालखर्च वर्षागणिक वाढत गेला, व्याज काही त्या वेगानं वाढलं नाही. फरक चालू सभासदांच्या वर्गणीतून भरून निघत होता. खजिनदार दोन वर्षं हे सांगत होते आणि त्यांचं बरोबर होतं. प्रकरण वाचताना हे विसरू नये: मूळ निर्णय अविचारी नव्हता.

एका ऑनलाइन बैठकीत, रात्री साडेदहाच्या पुढे, नऊपैकी सहा जण हजर असताना ठराव झाला. पुढच्या अंकापासून छपाई बंद, अंक फक्त पीडीएफ स्वरूपात. विरोध कुणी केला नाही. मला वाटतं, त्या वेळी सगळ्यांना झोप आली होती.

काय बिघडलं

सभासदांना कळवायचं काम माझं. मी ते मासिक वार्तापत्रात घातलं. वार्तापत्रात अकरा मुद्दे होते, हा सातवा. ‘आपला अंक आता डिजिटल होत आहे’ असं उत्साही शीर्षक, खाली तीन ओळी. कारण नाही, आकडा नाही, शंका कुणाला विचारायची तेही नाही. ईमेल गेला, व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट गेला आणि माझ्या यादीत त्या कामापुढे बरोबरची खूण झाली.

सतरा दिवस शांतता. आम्ही तिचा अर्थ संमती असा घेतला.

अठराव्या दिवशी एक माजी अध्यक्ष काही खासगी कामासाठी त्याच छापखान्यात गेले. मालक सहज म्हणाले, तुमचा अंक थांबला म्हणे. त्या रात्री सभासदांच्या गटावर त्यांचा संदेश आला: ‘अंक बंद झाला हे मला छापखान्याकडून कळावं?’ एवढंच. पहाटेपर्यंत गटावर दोनशेच्या वर संदेश होते. त्यात कुणीतरी बैठकीच्या इतिवृत्ताच्या कच्च्या मसुद्याचा फोटो टाकला. त्यात एक वाक्य होतं: ‘छापील अंकाची उपयुक्तता संपली असल्याचे मत व्यक्त झाले.’ चर्चेत कुणीतरी ओघात बोललेलं ते वाक्य होतं, ठरावात नव्हतं. पण संपादक मॅडमनी ते वाचलं. त्यांना ठरावाची बातमीही तिथेच कळली.

वार्षिक सर्वसाधारण सभा सहा आठवड्यांवर होती.

पहिली रात्र : लिहायचं की थांबायचं

हा पहिला निर्णयाचा क्षण. साडेअकराला मी मुद्देसूद उत्तर लिहून तयार ठेवलं होतं. वार्तापत्राची तारीख, मुद्दा क्रमांक, ‘आपण ते वाचलेले दिसत नाही’ वगैरे. आज ते वाचलं की अंगावर काटा येतो. पाठवण्याआधी अध्यक्षांना फोन केला, एवढं एक सुचलं. ते म्हणाले, “आज काही लिहू नका. सकाळी सरांना मी स्वतः फोन करतो.”

मला ते पूर्ण पटलं नाही. दोनशे लोक बोलत असताना पदाधिकाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, तर तो उर्मटपणाच वाटणार होता. मधला मार्ग म्हणून तीन ओळींची नोंद ठरली: सगळं वाचलं आहे, शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत इथे आणि ईमेलवर सविस्तर उत्तर येईल, तोवर छपाई बंद करण्याची अंमलबजावणी थांबवली आहे.

तिसऱ्या ओळीवर कार्यवाह अडले. कार्यकारिणीचा ठराव एकटे अध्यक्ष स्थगित करू शकत नाहीत, संपर्क पाहणारी व्यक्ती तर नाहीच. रात्री साडेबाराला नियमावलीचा विषय काढल्याचा मला राग आला होता. पण त्यांनी अडवलं ते बरंच झालं. ती ओळ गेली असती, तर दोन दिवसांनी ‘कोणाच्या अधिकारात थांबवलं?’ असा दुसरा वाद उभा राहिला असता. दोन ओळी गेल्या. गट थोडा शांत झाला. उत्तर काय येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, ते कधी येणार हे मात्र कळलं होतं.

सकाळी अध्यक्षांनी माजी अध्यक्षांना फोन केला. चाळीस मिनिटं. त्यातली तीस त्यांनी नुसती ऐकून घेतली, असं नंतर म्हणाले.

संदेश पोहोचलाच नव्हता

शुक्रवारच्या उत्तराची तयारी करताना मी आधीचा संदेश नक्की किती जणांना गेला ते तपासलं. चार महिन्यांत हे एकदाही केलं नव्हतं.

व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर जतन केलेला असतो त्यांनाच मिळतो. एका यादीत २५६ जण मावतात, म्हणून आमच्या तीन याद्या होत्या. माझ्या आधीच्या सहकाऱ्यांचा नंबर बहुतेकांकडे होता. माझा नवा नंबर फार थोड्यांकडे होता. संदेश पाठवताना काही अडलं नाही, काही चुकतंय अशी सूचनाही आली नाही. चार महिने मी बहुतांशी भिंतीशी बोलत होते.

ईमेलचं वेगळंच. आम्ही जीमेलच्या साध्या खात्यातून, सगळे पत्ते गुप्त प्रतीच्या (बीसीसी) रकान्यात टाकून पाठवत होतो. अशा खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जातं. साडेतीनशेचा पहिला गठ्ठा गेला, दुसरा मर्यादा ओलांडत असल्यानं अडकला. तशी सूचना खात्यात येऊन पडली होती. ते खातं नियमित उघडणं हे कुणाचंच काम नव्हतं.

हे सापडलं तेव्हा मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. दोष तांत्रिक आहे, संदेश पोहोचला नाही, आता नीट पोहोचवू, संपलं. शुक्रवारचं उत्तर मी याच समजुतीनं लिहिलं: दिलगिरी, तांत्रिक अडचण, निर्णयाची कारणं, खजिनदारांचा तक्ता. सात वाजता सगळीकडे गेलं. आणि या वेळी खरोखर पोहोचलं.

संताप कमी झाला नाही. उलट उत्तरांचा सूर अधिक थंड आणि नेमका झाला. एका सभासदानं लिहिलं, ‘वार्तापत्र मला वेळेवर मिळालं होतं. मुद्दा सातही वाचला होता. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही सांगितलंत, विचारलं नाहीत.’ पहिल्या गठ्ठ्यातल्या साडेतीनशेंपैकी ते एक. म्हणजे ज्यांना मिळालं त्यांची शांतता ही संमती नव्हती. ते आमच्याशी बोलायचं सोडून बसले होते.

समोरचे पर्याय

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. चार वाटा मांडल्या गेल्या.

ठराव कायम ठेवून कारणं अधिक चांगली समजावणं, ही खजिनदारांची बाजू. आकडे त्यांच्याकडे होते आणि आकड्यांत खोट नव्हती. ठराव सरळ मागे घेणं हा अध्यक्षांचा कल. सभेआधी शांतता हवी होती. पण मग खर्चाचा प्रश्न वर्षभरानं आणखी मोठा होऊन परत आला असता, आणि जोरात ओरडलं की निर्णय फिरतो हा धडाही गेला असता. तिसरी वाट, अंमलबजावणी थांबवून सभासदांची मतं मागवणं. चौथी, मागेल त्याला छापील आणि बाकीच्यांना पीडीएफ.

निकालात कामी आला तो कार्यवाहांनी वाचून दाखवलेला नियम. नियमावलीत ‘सभासदास संघटनेचा अंक पाठविला जाईल’ एवढंच होतं. ‘छापील’ हा शब्द नव्हता. खजिनदारांना वाटलं, जिंकलो. कार्यवाह शांतपणे म्हणाले, “शब्द आपल्या बाजूनं आहे. पण आजीव सभासदांनी पैसे भरले तेव्हा पीडीएफ कुणाच्या डोक्यात होतं? सभेत हे वाक्य मी वाचणार नाही.” त्यानंतर तिसरी वाट एकमतानं ठरली. ठराव स्थगित करण्याचा नवा ठराव रीतसर झाला आणि अंतिम निर्णय सर्वसाधारण सभेकडे सोपवला.

पदाधिकाऱ्यांशी बोलण्याची पद्धत

पुढचे पाच आठवडे नऊ जणांकडून झटपट होकार-नकार मिळवावे लागणार होते. माझी जुनी पद्धत अशी: सविस्तर ईमेल, सगळ्यांना एकदम, शेवटी ‘कृपया आपले मत कळवावे’. दोन उत्तरं यायची, तीही वेगवेगळ्या प्रश्नांना. मला वाटायचं लोक बेफिकीर आहेत. पण दिवसभर नमुने तपासून रात्री फोन हातात घेतलेल्या माणसाला दहा परिच्छेदांतून आपल्याकडे काय मागितलंय ते शोधावं लागत होतं.

बदल साधा होता. एका ईमेलमध्ये एकच प्रश्न. पहिल्या तीन ओळींत: काय ठरवायचं आहे, पर्याय कोणते, उत्तर कधीपर्यंत. तपशील खाली, ज्याला हवा त्यानं वाचावा. शिवाय उत्तर आलं नाही तर काय होईल तेही लिहायचं: ‘गुरुवारी रात्री नऊपर्यंत हरकत आली नाही, तर मसुदा अ जाईल.’

यावरही कार्यवाहांनी दुरुस्ती सुचवली. मसुद्यातल्या शब्दांसाठी मौन म्हणजे होकार चालेल. पैसे, नियम किंवा धोरण यांसाठी चालणार नाही, तिथे प्रत्येकाचं स्पष्ट मत हवं. नुकतेच आम्ही सभासदांच्या मौनाला संमती समजून तोंडावर आपटलो होतो, आणि मी तीच चूक नऊ जणांच्या पातळीवर नियम म्हणून आणत होते.

बाकी ज्याचा-त्याचा स्वभाव. अध्यक्ष ईमेल वाचत नाहीत, फोनवर पाच मिनिटांत निर्णय देतात आणि आठवड्यानं तो वेगळा आठवतात. म्हणून फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळी लिहून पाठवायच्या: ‘आत्ता ठरलं ते असं.’ खजिनदारांना तक्ता दिला की ते बोलतात, परिच्छेद दिला की गप्प. हे समजायला चार महिने लागायला नको होते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

सभासदांकडे

सगळ्यांना एकच पत्र गेलं, अध्यक्षांच्या सहीचं. विषय एकच. विषयाच्या ओळीतच मागणी आणि तारीख: ‘छापील अंक : तुमचं मत २० तारखेपर्यंत हवं’. आत पहिलं वाक्य दिलगिरीचं, पण या वेळी तांत्रिक अडचणीबद्दल नव्हे. ‘आपल्याला न विचारता निर्णय घेतला, ही आमची चूक.’ यावर कार्यकारिणीत दोन दिवस गेले. एकानं ‘काहींच्या भावना दुखावल्या असल्यास’ असं सुचवलं. मी अडून बसले. ‘असल्यास’ आलं की माफी राहत नाही.

मग खर्चाचा छोटा तक्ता, तीन पर्याय, उत्तर कसं द्यायचं, आणि त्या उत्तरांचं पुढे काय होणार. हा शेवटचा भाग बहुतेक पत्रांत राहून जातो. आम्ही लिहिलं की ही मतं बंधनकारक नाहीत, ती जशीच्या तशी सभेपुढे ठेवली जातील आणि मतदान तिथे होईल. ‘तुमचं मत महत्त्वाचं आहे’ असं वाक्य मुद्दाम घातलं नाही.

ईमेल आता याद्या सांभाळणाऱ्या सेवेतून गेला. तिथे किती जणांनी पत्र उघडलं याचा आकडा दिसतो. खजिनदारांना तो पाहून आनंद झाला. पण त्यावर फार विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती चालू असेल तर पत्रातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि न वाचलेलं पत्रही ‘उघडलं’ म्हणून मोजलं जातं. आम्ही फक्त आलेली उत्तरं मोजायची ठरवलं.

ज्यांचा ईमेल नोंदीत नव्हता त्यांच्यासाठी तयार असलेला छापील अंकच वापरला. आत उत्तराचं कार्ड घातलं. अंक बंद करावा का, हे विचारणारं पत्र अंकातूनच गेलं. खजिनदारांनी खर्चाला आधी नाही म्हटलं, मग तेच म्हणाले, “टपालखर्च तसाही होणारच आहे.” कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं पंधरा ज्येष्ठ सभासदांना फोनही केले.

दोन ऑनलाइन बैठका ठेवल्या. वेळ ठरवताना एका तरुण सभासदानं विचारलं, तुमच्या सगळ्या बैठका रात्री आठला का असतात? आमच्यातले कितीतरी जण पाळीत काम करतात. रात्री आठला एक पाळी नुकतीच लागलेली असते. म्हणून एक बैठक दुपारी दोनला आणि एक सकाळी साडेआठला, रात्रपाळी सुटल्यावर. सकाळच्या बैठकीला गर्दी जास्त झाली. त्यांतल्या अनेकांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि तिथे जे कळलं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. लोकांना कागदाचं फारसं वेड नव्हतं. शेवटच्या पानावरची सभासद-वार्ता, म्हणजे कोण निवृत्त झालं, कोण गेलं, कुणाला बढती, ही ज्येष्ठांना हवी होती. अंकातल्या ‘चुकलेला अहवाल’ या सदराचा मजकूर कितीतरी प्रयोगशाळांत कापून भिंतीवर लावला जायचा. पीडीएफ कोण छापून लावणार? तरुणांना जुन्या अंकांत शोधता यायला हवं होतं आणि ती सोय तर आम्ही पीडीएफमध्येही करणार नव्हतो.

सभा आणि निकाल

आमच्या नियमावलीप्रमाणे गणसंख्या झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घेता येते. गेली कित्येक वर्षं तहकुबी हाच रिवाज होता. चहा त्या अर्ध्या तासात व्हायचा. या वेळी ठरल्या वेळी गणसंख्या भरली आणि चहा राहिला.

ठरलं ते असं. अंक वर्षात चार, सगळे शोधता येतील अशा स्वरूपात ऑनलाइन. त्यांपैकी दोन छापील, तेही दरवर्षी मागणी नोंदवणाऱ्यांनाच. ‘चुकलेला अहवाल’ भिंतीवर लावता येईल असं एक स्वतंत्र पान. माजी अध्यक्षांनी ठरावाला अनुमोदन दिलं. खर्च कमी झाला, पण खजिनदारांना हवा होता तितका नाही, आणि ते हे दर बैठकीत आठवण करून देतात.

संपादक मॅडम सभेला आल्या नाहीत.

आज वेगळं काय केलं असतं

पाठवण्याच्या याद्या तपासल्या असत्या, हे उघडच आहे. आता दर तिमाहीला मी एकोळी संदेश पाठवते: ‘मिळाला तर १ पाठवा.’ इतिवृत्ताचा कच्चा मसुदा आता फक्त हजर असलेल्यांकडे जातो आणि त्यात कुणी काय म्हटलं हे नसतं, ठरलं तेवढंच असतं.

आलेल्या मतांचा अर्थ लावतानाही मी घाई केली, असं आता वाटतं. उत्तर देणारे बहुतेक आधीपासून संघटनेशी बांधलेले लोक होते. निम्म्याहून अधिक सभासदांनी काहीच कळवलं नाही, आणि सभेपुढे मी ‘सभासदांचा कौल’ असा शब्द वापरला. तो चुकीचा होता. ‘उत्तर देणाऱ्यांचा’ म्हणायला हवं होतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पत्रांच्या आधीची. ठराव येणार हे ठरलं त्या दिवशी संपादक मॅडमना एक फोन व्हायला हवा होता. तो कुणी करायचा हेच ठरलेलं नव्हतं: अध्यक्षांना वाटलं कार्यवाह करतील, कार्यवाहांना वाटलं मी. मी तो केला गट पेटल्यानंतर नवव्या दिवशी, सभासदांच्या पत्राचा मसुदा हातात घेऊन. त्यांनी मसुदा ऐकून घेतला, एक शुद्धलेखनाची चूक सांगितली आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. मला मात्र आता यात घेऊ नका.”

त्यांनी पुढच्या दोन अंकांचे जमलेले लेख, लेखकांचे पत्ते आणि छापखान्याचा हिशेब, सगळं नीट लावून कार्यवाहांकडे पोहोचवलं. नवे संपादक मिळायला सात महिने लागले. ते आता प्रत्येक बैठकीला निमंत्रित असतात आणि बैठका साडेनऊला संपतात.